अल्टरनेट डे

दवाखान्यासमोर माझी केळ्यांची गाडी आहे. पेपर मिलच्या टाइम ऑफिसातून रिटायर झालेले एक बाबूजी बायकोला डायलिसिसला आत सोडून माझ्याकडे यायचे. बाकी सगळं मराठीत बोलायचे, दिवस मात्र इंग्रजीत मोजायचे.

"अल्टरनेट डे यावं लागतं, भाऊ. पण डे बाय डे फरक आहे."

मला काही फरक दिसायचा नाही. बाई दर खेपेला जास्तच वाकलेल्या वाटायच्या.

बाबूजी एकच केळं घेत. गाडीच्या आडोशाला उभं राहून खात, रुमालानं तोंड पुसत आणि मग स्वतःचे हात हुंगून बघत.

"डॉक्टरनं तिला केळं बंद केलंय. जसोंडी गावची लेक ती, केळीच्या बागेत वाढलेली. नुसता वास आला तरी मागते."

"मग काय सांगता?"

"वन डे नक्की देईन, म्हणतो."

मध्ये पंधरा दिवस ते दिसलेच नाहीत. काल सकाळी आले, तेव्हा डोकं भादरलेलं होतं. मी नेहमीसारखं एक केळं पुढे केलं.

"दोन द्या, भाऊ. नदीवर, राजघाटावर चाललोय. तिला आता एव्हरी डे चालतं."