आप्पांनी मशीन थांबवली

तामलवाडीच्या टेलर आप्पांना काही विचारलं, की ते आधी शिलाई मशीन थांबवत. चाक पुरतं थांबेपर्यंत उत्तर नाही. तेवढ्या वेळात विचारणाऱ्याला कळून चुकायचं, की आता खरं तेच ऐकावं लागणार. आप्पा गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून म्हणत, "देव हितंच हाय बाई. माझं बोलणं आधी त्याला ऐकू जातं, मग तुमाला."

मोठे आले देववाले! मला फिट यायची. वर्षाकाठी एखादी, गोळ्या चालू. आईनं ते दडवलेलं; पण एकदा मी आप्पांच्या दुकानातच कोसळले होते. पुढं नळदुर्गचं स्थळ आलं. सोयरीक करायची तर आधी गावात चौकशी करायची, ही आपल्याकडची रीतच. मुलाचा मामा एसटीतून उतरला तो थेट आप्पांच्या दुकानात. आप्पांनी मशीन थांबवली आणि सांगितलं. मामा परस्पर माघारी गेला. घरात पोहे गार झाले.

दोन वर्षं मी आप्पांशी बोलले नाही. दुकानावरून जाताना मुद्दाम चपला आपटायची. मग तेरचं स्थळ आलं. त्यांनाही आप्पांनी तेच सांगितलं, आणि हा गडी तरीही आला. आज माझ्या गोळीची आठवण तोच ठेवतो. लग्नात मी आप्पांच्या पाया पडले, पण मनातला राग पुरता गेला नव्हता.

यंदा आप्पा धाराशिवला दवाखान्यात होते. मी डबा घेऊन गेले, तर डॉक्टरांनी बाहेरच सांगितलं, आता थोडेच दिवस. आत गेल्यावर आप्पांनी जवळ बसवलं.

"बाकी समदे गोड बोलतेत. तू सांग. म्या उठतो का न्हाई?"

मला भडभडून आलं. म्हटलं, "उठाल की आप्पा. महिन्यात मशीनवर बसाल."

त्यांनी माझा शब्द खरा धरला. त्यांचा पुण्यातला मुलगा निघायच्या तयारीत होता. त्याला माझ्यासमोरच फोन लावून म्हणाले, धावपळ करू नको, सणाला निवांत ये. तिसऱ्या दिवशी ते गेले.

जिवाला चैन पडेना. माती झाल्यावर मुलानं विचारलं, आप्पांनी मला येऊ नको का म्हटलं असेल? मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. मीही दोन वर्षं आप्पांशी बोलले नव्हते, अशी मनाची समजूत घालते. पण आप्पा खरं बोलले होते.