तीन वाट्या तूप आणि एक काच

अबुधाबीतल्या आमच्या जुन्या इमारतीच्या खिडक्या बदलायचं मालकांनी ठरवलं, तेव्हा काच निवडायचं काम आमच्या ह्यांच्याकडे आलं. आलं म्हणजे ह्यांनी ते ओढून घेतलं. हे एसीच्या कंपनीत इंजिनियर. मालक जिन्यात भेटले, तर ह्यांनी तिथेच उष्णता काचेतून घरात कशी शिरते हे समजावायला घेतलं. लिफ्ट बंद होती, मालक आधीच धापा टाकत होते. “तुम इंजिनियर, तुम बोलो कौनसा ग्लास. खलास,” म्हणाले आणि पुढचा मजला चढून सुटले.

गरज होती हे खरंच. आमच्या हॉलची खिडकी पश्चिमेची. दुपार कलली की हॉलमध्ये पापड वाळले असते. तिथल्या सगळ्या देशी घरांसारखं आम्हीही पोळ्या गुंडाळायचं फॉइल काचेला चिकटवलं होतं. फक्त खालचा एक तुकडा सासूबाईंनी झाकू दिला नव्हता.

सासरे गेल्यावर पुण्याचं घर बंद करून त्या आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या होत्या. आम्ही दोघं ऑफिसात, लेक शाळेत, बाहेर ऊन मी म्हणतंय. मग त्या भाजी घेऊन त्या मोकळ्या तुकड्यापाशी बसत. गल्लीपलीकडच्या खिडकीत त्यांच्याच वयाची, डोक्यावरून ओढणी घेतलेली एक बाई असे. सासूबाईंनी पडवळ वर करून दाखवायचं, तिने दुधी. एकदा तिने शेपटीला धरून चांगलीच मोठी सुरमई दाखवली. सासूबाईंनी नाकाला पदर लावला आणि दोघी खिडकीत हसत बसल्या. बोलणं कधीच नाही. कोण कुठली, काही ठाऊक नव्हतं. पण ऑफिसातून आल्यावर मला पहिली बातमी मिळे ती ‘तिच्याकडे’ आज काय होतं ही.

तर काच. दुकानातून तीन नमुने आले. साधी काच, काळपट काच, आणि दोन काचांमध्ये हवा कोंडलेली, बाहेरून आरशासारखी चकाकणारी जाड काच. कागदावरच्या आकड्यांवर ह्यांचा विश्वास नव्हता. एका शुक्रवारी ह्यांनी तीन खोक्यांना तोंडाशी एकेक काच लावली, आत सासूबाईंच्या साजूक तुपाची एकेक वाटी ठेवली, फ्रिजमधून काढलेली, थिजलेली. खोकी बाल्कनीत मांडली आणि समोर स्टूल टाकून हे घामाघूम होत बसले. तूप कधी वितळतं हे बघायला माणूस वितळत होता.

साध्या काचेमागचं तूप लगेच पातळ झालं, काळपट काचेमागचं थोड्या वेळाने. आरशाच्या काचेमागे मात्र मधोमध एक पांढरा गोळा बराच वेळ तग धरून होता. ह्यांनी तो शेजारपाजाऱ्यांना बोलावून दाखवला. सासूबाई म्हणाल्या, “झालं असेल तर माझ्या वाट्या दे. वरणावर घालायला तूप नाही.”

खिडक्या बसल्या. उघडणारी खिडकी फटीतून गार हवा गळू देते म्हणून ह्यांनी हॉलची न उघडणारीच घ्यायला लावली. हॉल असा गार झाला की मी शाल काढली. पाहुणे आले की पाणी नंतर, आधी काच. “हात लावून बघा. लावा ना. आणि बाहेरून आतलं काही दिसत नाही, बरं का. आपण सगळ्यांना बघायचं, आपल्याला कोणी नाही.”

काही दिवसांनी सासूबाई म्हणाल्या, “मला पुण्याला नेऊन सोड.”

ह्यांनी एसी कमी केला. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं, तेव्हा बंदच केला. पुण्यात बंद घराशिवाय त्यांचं कोणी उरलं नव्हतं, आणि गुडघे असे की एकटीने राहणं अशक्य. मला धास्ती बसली. माझंच काही चुकलं का, हेही मनात येऊन गेलं.

मग एका सुट्टीच्या सकाळी मी त्यांना खिडकीशी उभं पाहिलं. हातात पडवळ, हात वर धरलेला. पलीकडे ती बाई आमच्याच खिडकीकडे टक लावून बघत होती. सासूबाईंनी पडवळ हलवलं. तिने मान वळवली आणि आत गेली.

“आजी, शी कान्ट सी यू,” लेक म्हणाली. “इट्स वन-वे.”

“कळलंय गं मला,” सासूबाई म्हणाल्या. “रोज येते, बघते, जाते. आता मीच कशाला बसू तिथे?”

हे पेपरामागून म्हणाले, “अगं आई, बाहेर उजेड जास्त असला की...” मी ह्यांच्याकडे नुसतं बघितलं. हे पुन्हा पेपरात गेले.

मी सासूबाईंना म्हटलं, चला. तर त्या पदर सारखा करत म्हणाल्या, “भाषा नाही, काही नाही. जाऊन बोलू काय?” नको नको म्हणत आल्या, पण पडवळ हातातच होतं. गल्ली ओलांडली, मजले मोजत चढलो, बेल वाजवली. दार तिनेच उघडलं.

ती बघतच राहिली. मग तिने सासूबाईंचे दोन्ही दंड धरले आणि रडायलाच लागली. “अगो बाय, तुम्ही आहात? मला वाटलं तुमचं काही बरंवाईट झालं. रोज नमाजानंतर तुमच्यासाठी दुवा मागत होते मी.”

सासूबाई थिजल्या. “तुम्ही मराठी?”

“रत्नागिरीची. आणि तुम्ही?”

दीडएक वर्ष भाज्या आणि मासे वर करून दाखवणाऱ्या त्या दोन बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या, आणि थांबेचनात. मग तिने सासूबाईंना हाताला धरून खिडकीशी नेलं. “हे बघा. मी तुम्हाला बघायला यायचे आणि रोज मीच मला दिसायचे.”

समोर आमच्या काचेत दोघी दिसत होत्या, शेजारी शेजारी, छोट्याशा. सासूबाईंनी पडवळ वर केलं. काचेतल्या सासूबाईंनीही केलं.

घरी परतल्या त्या जेवूनच. हे दारात वाट बघत होते, चेहरा पडलेला. “आई, मालकांशी बोलतो. ती काच काढून टाकू.”

“काही नको,” सासूबाई चपला काढत म्हणाल्या. “चांगली निवडलीस. आम्ही दोघी छान दिसतो त्यात.”