घंगाळावरचं नाव

ऑनलाइन लिलावात जुनी भांडी विकणाऱ्या मैत्रिणींनो, आज माझं डोकं फिरलंय.

कोळवणहून सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ पाठवलं होतं. सकाळी गिऱ्हाइकाचा फोटो आला, "तळाला भोक आहे, परत घ्या."

अहो, पाठवण्याआधी मी रात्रभर त्यात पाणी भरून ठेवलं होतं. थेंब गळला नाही! मला तर वाटतं, यानं स्वतःचं फुटकं घंगाळ दाखवलं.

मी लिहिलं, "काठाचा फोटो टाका. आमच्या सासूबाईंचं नाव कोरलंय."

तेवढ्यात आमचे हे म्हणाले, "आगं, नाव न्हाई आता. पॉलिशवाल्याकडनं घासून घेतलं. लिलावाच्या फोटूत दिसलं आसतं, तर गावाला कळलं आसतं आईचं घंगाळ विकलं म्हणून."

आता सांगा, आधी कोणाशी भांडू?