प्रवाळ आणि नानांचा हातगुण

माझं तोंड वाईट आहे. मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते. माझ्या तासाला वर्गात चिडीचूप असते, आणि ती माझ्या शिकवण्याच्या गोडीमुळे नसते हे मला पक्कं ठाऊक आहे. घरचेही मी घरात शिरताना आधी माझ्या कपाळाकडे बघतात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना स्वतःला सांभाळून घ्यायचा मोह होणार नाही.

नवरा वीज केंद्रात नोकरीला असल्यामुळे आम्ही दीपनगरच्या वसाहतीत राहतो. इथली वीज सहसा जात नाही, म्हणून तर मी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायचं धाडस केलं. बैठकीच्या खोलीत तीन फुटांची काचेची टाकी, आणि त्यात पुण्याच्या एका हौशी माणसाने आपल्या टाकीतून तोडून दिलेले प्रवाळाचे तीन तुकडे. प्रवाळ दिसायला दगड, पण तो जिवंत प्राणी आहे. अंगाखाली चुन्याचा सांगाडा बांधत बांधत तो वाढतो. माझ्याकडची जात तर मुळातच संथ, वर्षभरात नखाएवढी वाढली तरी पेढे वाटावेत अशी. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीसचा पारा असायचा आणि टाकीतलं पाणी सव्विसाच्या वर जाऊ द्यायचं नसायचं. म्हणून त्या खोलीतला एसी दिवसभर चालू.

गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर माझे वडील महिनाभर विश्रांतीला आमच्याकडे आले. आम्ही त्यांना नाना म्हणतो. एरंडोलजवळच्या खेड्यात त्यांची कपाशी आहे आणि विहिरीच्या पाण्यावर थोडी केळी. डोळ्यांवर काळा चष्मा लावून ते पहिल्या दिवशी टाकीसमोर खुर्ची ओढून बसले.

"दगडले एसी शे, ना आमनी म्हैसले पंखा बी नई," ते म्हणाले.

मग रोज बसू लागले. शेतकरी माणसाला नुसतं बसणं जमत नाही. काय खास हाई, म्हणजे हे खातं काय, मुळं कोठे शेत, रातले झोपस का, असं विचारत राहायचे. मी त्यांना एक काम लावून दिलं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात टाकीतलं पाणी भराभर आटतं. मीठ मागे राहतं, म्हणून भर घालायची ती साध्या शुद्ध पाण्याची. काचेवर मी खूण केली होती. नाना सकाळ-संध्याकाळ तांब्याने त्या खुणेपर्यंत पाणी घालायचे, तेही धार काचेवरून सोडून, प्रवाळाला धक्का न लावता. मी इतकं हळू कधी घातलं नव्हतं.

नानांच्या हाताबद्दल सांगायला हवं. आमच्या गावात मृगाची केळी लावताना पहिलं रोप ज्याच्या हाताला गुण आहे त्याच्या हातून लावून घेतात. आसपासच्या शेतांतून त्यासाठी नानांना बोलावणं यायचं. बांधावर नारळ फुटायचा, नाना पहिलं रोप मातीत ठेवून अंगठ्याने माती दाबायचे आणि चहा पिऊन घरी यायचे. त्याचं कुणी काही देत नसे आणि नानांनीही घेतलं नसतं. पण जून आला की ते आधीच धुतलेलं धोतर काढून ठेवत. मला लहानपणी याची मौज वाटायची. पुढे मी विज्ञान शिकले आणि नाक मुरडायला लागले.

टाकीसमोर बसल्या बसल्या नानांनी एकदा विचारलं, "मना हात लागना ते वाढी का हाई?"

"लावून बघा," मी हसत म्हणाले. ते खूश झाले.

मेच्या मध्यावर धुळ्याला चुलत दिराच्या मुलीचं लग्न निघालं. तीन दिवस आम्ही नवरा-बायको जाणार आणि नाना घरी राहणार होते. शेजारीण त्यांना डबा देणार होती. प्रवाळाला सांगाडा बांधायला एक पावडर लागते. ती रोज अर्धा चमचा, पाण्यात विरघळवून, थोडी थोडी घालायची असते. नानांना ते मोजमाप कुठे समजावत बसू, असं म्हणत मी निघायच्या सकाळी तीन दिवसांची पावडर एकदमच घातली. वर आणखी एक चमचा टाकला. तीन वर्षं नखाएवढी वाढ बघून मी कंटाळले होते. हा जास्तीचा चमचा निव्वळ हावरेपणाचा होता. मुलांना मी दर वर्षी सांगते की द्रावणात एकदम भर घालू नका.

परत आलो तेव्हा तिन्ही तुकड्यांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या आणि त्यावरची कातडी धाग्यांसारखी सुटून पाण्यात हलत होती. टाकीशेजारच्या स्टुलावर नानांची पिशवी होती आणि तिच्यातून विद्राव्य खताची पुडी डोकावत होती, केळीला ठिबकमधून सोडतात ते. पुढचं मी बघितलंच नाही.

"खत टाकलंत ना?" मी म्हणाले. "झाड नाही ते नाना, किती वेळा सांगितलं? तुमचं शेतातलं शहाणपण शेतातच ठेवा. तीन वर्षं जपलं मी, तुमच्या हातात तीन दिवस दिलं तर मारून टाकलंत."

डब्याची भांडी न्यायला आलेली शेजारीण दारातच उभी होती. नवऱ्याने "अगं, थांब" म्हटलं, मी थांबले नाही. नाना खुर्चीतून उठले. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, तो धोतराला पुसला आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते गावी गेले. पुडी मात्र ठेवून गेले. तिचं तोंड दोऱ्याने बांधलेलं होतं आणि गाठ सोडलेली नव्हती. माझ्या गच्चीतल्या गुलाबाला आणली होती, हे नंतर शेजारणीने सांगितलं.

मी त्याच संध्याकाळी पाणी तपासलं. खताचा मागमूस नव्हता. पावडरीचं प्रमाण मात्र इतकं वर गेलं होतं की आकडा बघून मी तपासणी पुन्हा केली. चूक माझी होती, शंभर टक्के माझी. शिकल्यासवरल्या बाईने करू नये अशी. मग मी रोज थोडं थोडं पाणी बदलत राहिले. दोन तुकडे गेले, एकाचा अर्धा भाग वाचला.

आणि नानांना फोन केला नाही. कारणं भरपूर होती. पेपर तपासायचे आहेत, रविवारी निवांत बोलू, एवढ्याशा गोष्टीचा काय बाऊ करायचा. खरं एवढंच की चूक त्यांची आहे असं सगळे समजत होते आणि मला ते सोयीचं होतं. नवऱ्यालाही मी आकडा सांगितला नाही. याची मला आजही लाज वाटते.

पाच आठवड्यांनी भावाचा फोन आला. "तू नानांना काय बोललीस गं?" त्याने विचारलं. मृगाची लागवड सुरू झाली होती. शेजारच्या शेतातून बोलावणं आलं, तर नाना गेले नव्हते. हाताचा गुण गेला, असं त्यांनी त्या माणसाला सांगितलं. लेकीच्या घरी जिवंत वस्तू माझ्या हातून मेली, आता कुणाच्या बागेला हात लावणार नाही. घरच्या केळीचं पहिलं रोपसुद्धा भावाला लावायला लावलं होतं.

मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात रजा टाकून गावी गेले. नाना ओट्यावर बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, चमचे मोजून. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हंजे मी पानी घालं, त्याना काई नई व्हयनं?"

"नाही नाना. तुमच्या पाण्यामुळेच अर्धा तुकडा वाचला असेल."

"मंग मना हात बरा शे?"

"बरा आहे."

थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं, "नक्की बरा शे ना, माय?" ऑपरेशनची पट्टी काढल्यावर डॉक्टरांना त्यांनी डोळ्याबद्दल असंच दोनदा विचारलं होतं. मला रडू आलं. तू पाच आठवडे गप्प का बसलीस, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी मार खायलाही तयार होते.

मी म्हणाले, "मी आत्ताच शेजारच्या शेतात जाऊन सांगते. चूक माझी होती, नानांच्या हाताला काही झालेलं नाही."

"नको," नाना एकदम म्हणाले. "पोरनी बापवर खोटा आळ लया, असं म्हनतीन लोके. तुनं नाव खराब व्हई. तू मास्तरीन शे. माले समजनं, तेवढं पुरे."

मी हट्ट केला, तसा त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं आणि कुणाला काही सांगणार नाही असं कबूल करून घेतलं. मी कबूल केलं. खरं सांगते, तेव्हाही कबूल करताना मला आतून थोडं सुटल्यासारखं वाटलं.

या वर्षी मृगाला मी मुद्दाम गावी गेले. घरचं पहिलं रोप नानांनी लावलं, घरात त्यांचा हात बरा आहे. शेजारच्या शेतात नारळ फुटला, तेव्हा मात्र पहिलं रोप ठेवायला गावातला दुसरा माणूस बसला होता. नानाही गेले होते. धुतलेलं धोतर नेसून, दोन्ही हात पाठीमागे धरून ते बांधावर माणसांत उभे होते. त्यांच्या शेजारी मी उभी होते, आणि गप्प होते.