ग्रीकबाबांनी पाठवलेली बाई

बायबलातल्या कुठल्याही शब्दाचा अर्थ विचारा, आमचे पाळकबाबा आधी बाजारात शिरायचे. "हा शब्द तवा बाजारात कोण बोले, घरात कोण बोले, ते पाहू. मंग पुढचं," असं म्हणत वाळवीनं कुरतडलेला ग्रीक कोश उघडायचे. म्हणून आलापल्लीपलीकडच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत त्यांचं नाव पडलं ग्रीकबाबा. ऐंशीनंतरची ती वर्षं. मी तिथल्या दवाखान्यात नर्स होते. नवरा वारलेला, जीभ तिखट. बाबांशीच काय ते नीट बोलायचे.

गोड माणूस, पण या बाजारापायी वैरी करून बसायचा. आमचे मुख्य पंच दौलतभाऊ लाकडाच्या डेपोत मुकादम होते. त्यांची प्रार्थना सुरू झाली की पोरं एक झोप काढून उठायची. एकदा बाबांनी पुलपिटावरूनच सांगितलं, "दाखवायसाठी प्रार्थना करणाऱ्याले त्याचं फळ मिळून चुकलं, असं प्रभू म्हणते. त्यातला 'मिळालं' हा शब्द ग्रीक लोक पावतीवर लिहीत. म्हणजे हिशेब मिटला, आता वरून काही यायचं नाई!" सगळी मंडळी दौलतभाऊंकडे बघायला लागली. मी तर पदर तोंडात कोंबला. दौलतभाऊ मात्र ते विसरले नाहीत.

नाल्यापलीकडच्या झोपडीत सोमीबाई एकटी राहायची. महारोगानं बोटं गेलेली; पट्टी करायला मी रोज जायचे. त्या पावसाळ्यात ती संपत आली. "बाई, मले प्रभुभोजन पाह्यजे. तेवढं भेटलं का मी मोकळी," एवढंच धरून बसली होती.

बाबा मलेरियानं अंथरुणाला खिळलेले. आमच्यात प्रभुभोजन, म्हणजे पाळकानं आशीर्वाद दिलेली भाकर आणि भिजवलेल्या मनुकांचा रस, आजाऱ्याच्या घरी न्यायचा मान फक्त मंडळीच्या सेवकांचा, आणि सेवक म्हणजे पुरुषच. आमचे सेवक दोन. एकाला नाल्याचा पूर आडवा आला, दुसऱ्याला महारोगाची भीती. मी बाबांच्या खाटेपाशी पंचांसमोरच म्हटलं, "मी रोज जाते ना, मीच नेते."

दौलतभाऊ उसळले. "बाईमाणसाच्या हातून प्याला? बायबलात कुठी हाय?"

बाबा कुडकुडत उठून बसले. "फिबी, पौलाच्या पत्रातली बाई. पौलानं तिले जो शब्द लावला, तोच तो मंडळीच्या सेवकांले लावते. आपल्या मराठीत ती सेविका झाली, अन् आपण तिच्या हाती झाडू दिला! ग्रीक लोक तो शब्द ताटात वाढणाऱ्याले लावत, तसाच कोणाच्या वतीनं निरोप घेऊन जाणाऱ्यालेबी. पाठवलेलं माणूस, भाऊ."

"हिले पाठवाल त मी वर लिहीन. मंग इथी राह्यणार नाई तुमी."

बाबांना दुसरं घर नव्हतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यांनी डोळे मिटून आशीर्वाद म्हटला, औषधाच्या धुतलेल्या बाटलीत रस ओतला. थोडा गोधडीवर सांडला. बूच लावून बाटली माझ्याकडे दिली. "जा बाई. पाणी पाहून जा."

पाणी कमरेला लागलं. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पदरात बाटली नि भाकर डोक्यावर बांधून पलीकडे गेले.

सोमीबाईनं डोळे उघडले. "बाबा नाई आले? कोणाले पाठवलं?"

"मलेच."

"बरं झालं. तुह्या हाताची मले सवय हाय."

दुसऱ्या दिवशी पट्ट्या घेऊन गेले, तर ती गेलेली होती.

वरचा हुकूम आलाच, बाबांनी जागा सोडायची. नवे पाळक आले. शेवटच्या रविवारी बाबा मागच्या बाकावर बसलेले. दौलतभाऊ प्याला घेऊन आले, तेव्हा बाबांनी मान हलवून नको म्हटलं. प्रभुभोजन न घेताच जाणार हा माणूस?

उपासना संपल्यावर ते पेटी घेऊन माझ्या दारात उभे. एस.टी.ला अजून वेळ होता. त्यांनी खिशातून मी परत दिलेली तीच औषधाची बाटली काढली, आता रसानं भरलेली, रुमालात बांधलेला भाकरीचा तुकडा काढला, आशीर्वाद म्हटला आणि दोन्ही माझ्यापुढे ठेवलं.

"तुमी द्या, बाई."

"बाबा, मी कोण देणारी?"

"पाठवलेली," म्हणाले, आणि माझ्यापुढे गुडघे टेकले.

मी भाकर मोडून त्यांच्या हातावर ठेवली.