बाबांच्या खाटेखालचा नाला

आमच्या बुधवारा पेठेतल्या गल्लीखाली पावसाच्या पाण्याचा जुना नाला आहे, माणूस उभा चालेल एवढा. गेल्या दोन पावसाळ्यांत त्याचं पाणी उलटून थेट आमच्या घरात शिरलं. बाबा अर्धांगवायूने खालच्याच खोलीत पडून असतात. दुसऱ्या वेळी मी शाळेतून धावत आले तेव्हा पाणी खाटेच्या पट्ट्यांना लागलं होतं आणि बाबा छताकडे बघत पडले होते. त्यांचा तो चेहरा आठवला की अजून माझं डोकं फिरतं.

पालिकेच्या कचेरीतले साहेब म्हणाले, "मॅडम, नक्शात असा नालाच नाही. जो नाहीच, त्याची सफाई कशी करायची?"

ठीक आहे, म्हटलं, मीच बघून येते.

मे महिन्यात दापोरा गावाहून मामांना बोलावलं. केळीच्या बागा करणारा माणूस, विहिरीत उतरायची सवय. कोंडलेली हवा निघून जावी म्हणून गल्लीच्या टोकाच्या फरश्या त्यांनी दोन दिवस काढून ठेवल्या, आधी कंदील आत सोडला, तो विझला नाही तेव्हाच माझ्या कमरेला दोर बांधला. शेजारच्या काकू बघत होत्या.

"मास्तरीण असून नालीत उतरते का गं? लोग काय म्हणतील?"

"म्हणू द्या. पाणी लोकांच्या घरात नाही येत."

आत विटांची कमान होती आणि उन्हाळ्यातही गारवा. पुढे मामा, मागे मी. बरंच चालल्यावर डोक्यावर ठकठक ऐकू आली. तहान लागली की बाबा काठी आपटतात. म्हणजे आम्ही बरोबर त्यांच्या खाटेखाली होतो, आणि तिथेच नाला गच्च बुजलेला.

मामांनी विळा घातला. केळीचे खांब निघाले, कुजून दोरखंड झालेले. आमच्याकडे पूजेचे खांब कचऱ्यात टाकत नाहीत, वाहत्या पाण्यात सोडतात. तापीपर्यंत जायचा कंटाळा, म्हणून सगळी गल्ली ते आमच्या ओट्यापुढच्या भगदाडातून नाल्यात सोडते. त्या लगद्यात माझ्या हिरव्या साडीचा काठही होता. मागच्या सत्यनारायणाचे खांब त्यानेच बांधून मी सोडले होते. लाज वाटली. त्याहून जास्त राग आला, साहेबांचा, गल्लीचा आणि माझाही.

तीन दिवस टोपल्या उपसल्या.

श्रावणात धो धो पाऊस पडला आणि बाबांची खोली कोरडी राहिली. दुसऱ्याच दिवशी काकू पूजेचे खांब घेऊन आल्या. मी भगदाडावर खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर वह्यांचा गठ्ठा.

"सरक ना जरा. पाप लागेल."

"मला लागू द्या. खांब म्हशीला घाला, मामांच्या म्हशी आवडीने खातात."

काकूंनी खांब या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतले. "अशी किती दिवस बसशील?"

"बाबा या खोलीत झोपतात तोवर," मी म्हटलं आणि पुढची वही उघडली.