ती माझं नाव घेत नाही

२०२४ साल होतं आणि मला सत्त्याहत्तरावं लागलं होतं. त्या वर्षी माझी बायको दोनदा घरातून निघून गेली.

पहिल्या वेळी शेजारच्या गल्लीतच सापडली. दुसऱ्या वेळी पहाटेची उठली, माळ्यावरची मीठ वाहायची जुनी पाटी काढली, डोक्यावर घेतली आणि हायवेच्या कडेनं चालत सुटली. पेट्रोल पंपावरच्या माणसांनी तिला खुर्चीवर बसवलं, चहा पाजला. मी पोचलो तर मला सांगते, "मिठागरात चाललेय. सगळ्या पुढं गेल्या." आमचं मिठागर कधीच गेलं. तिथं आता कंटेनर एकावर एक रचलेले असतात.

त्यानंतर मी दाराला आतून कुलूप घालायला लागलो. किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली. ती दिवसभर दारावर हात मारायची. मी म्हणायचो, दमेल आणि बसेल. शेजारी मला तोंडावर काही बोलले नाहीत, पण कोणीतरी उरणला आमच्या मुलीला फोन केला. ती आली ती चप्पल न काढताच बोलली, "बाबा, आईला कोंडलीत?"

"कोंडली नाय. राखली."

"तिचे हात बघा जरा."

मी बघितले. तळवे सुजले होते. रोज तिला जेवण भरवत होतो, पण तळव्यांकडे लक्ष गेलं नव्हतं.

मुलीच्या घरी तिची सासू अंथरुणाला खिळलेली, दोन खोल्या, वर नोकरी. आईला ने म्हणून तिला मी काय सांगणार. तिनं विचुंब्याकडची एक जागा शोधून ठेवली होती. विसरणारी म्हातारी माणसं सांभाळतात तिथं. ती म्हणाली, "नुसतं बघून तरी या."

"मी मेलो काय, की तिला तिथं टाकायची?"

"मागल्या महिन्यात तिला अंघोळ घालताना तुमीच पडलात. आता दोघं एकदम पडाल, मग कोण उचलील?"

मी तिला एकच सांगितलं. ज्या दिवशी ती मला ओळखणार नाही, त्या दिवशी बघू. ओळखते तोवर ती माझ्या घरात राहील.

आणि ती मला ओळखते, याची माझ्याकडं खूण होती.

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. आताच्या पोरी घेतात, हाकासुद्धा मारतात, मी त्यांना काही म्हणत नाही. पण हिनं कधीच घेतलं नाही. हळदीत सगळ्या बायका मागं लागल्या, "घे गो, घे नाव," तर हिनं पदराचं टोक दातात धरलं ते सोडलंच नाही. मिठागर म्हणजे उघडं रान. मी त्या बांधाला, ही ह्या बांधाला. वाऱ्यात मला बोलवायचं कसं, तर ही रॉकेलचा रिकामा डबा काठीनं वाजवायची. बाकीची माणसं हसायची, "जा, तुझी शाळा सुटली." मुलगी झाल्यावर मुलीच्या नावानं हाक मारायला लागली. एका हाकेला मुलगी पण ओ द्यायची आणि मी पण. बाजारात एका किराणावाल्याचं नाव आणि माझं नाव एकच होतं. त्याच्याकडून तेल आणलं, तर ही म्हणायची, "पोरीच्या बापाच्या नावाच्या दुकानातनं आणलं."

आता ती कोणाचंही नाव कोणालाही लावते. मुलीला बहिणीच्या नावानं बोलावते. शेजारणीला आईच्या नावानं. पण चुकीची का होईना, सगळ्यांची नावं घेते. माझं तेवढं घेत नाही. माझ्या डोक्यात हिशेब सरळ होता. नाव घेत नाही, म्हणजे मी कोण आहे ते तिला ठाऊक आहे. डॉक्टरांनी त्यांचं मशीन लावून डोक्याचे फोटो काढले होते. मशीनला हे कळत नाही, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं.

मुलीचं तोंड बंद करायला ती जागा बघायला मी एकटाच गेलो. बायकोजवळ शेजारीण बसली. मनात ठरवूनच गेलो होतो की खोट काढायची.

नव्या उंच इमारतींच्या मागं एक जुना बंगला. ओटीवर टेबल, टेबलापलीकडं पन्नाशीची सिस्टर. मला बघून ती उठली, माझा हात धरून मला खुर्चीवर बसवलं.

"बसा आजोबा. बरोबर कोण आलंय?"

"बरोबर कशाला कोण पायजे?"

"म्हणजे तुमची माहिती कोण देणार? मुलगा आहे का बाहेर?"

मग माझ्या लक्षात आलं. हात सोडवून घेतला आणि म्हटलं, "मी राहायला आलो नाय. तपासायला आलोय."

ती हसली. "मग तपासा ना. कुठून सुरू करायचं?"

मी मोरीपासून सुरू केलं. फरशी कोरडी होती, भिंतीला धरायला लोखंडी दांडा होता. दांडा सगळं वजन टाकून ओढून बघितला, हलला नाही. गाद्या दाबल्या. खिडकीच्या जाळीला हात घातला. बायकांना अंघोळ बायाच घालतात ना, ते विचारलं. सिस्टर म्हणाली, बायाच घालतात. पाणी प्यायलो. वास घेतला. फिनेलचा होता, दुसरा नव्हता. खोट सापडेना, तसा मला राग यायला लागला.

व्हरांड्यात एक म्हातारा बूट घालून बसला होता. पायात मोजे, नाड्या बांधलेल्या. मी विचारलं, "कुठं निघाले हे?"

"मुलगा न्यायला येणार म्हणतात."

"येतो का?"

"येतो की. भेटतो, बसतो. तो गेला की हे परत बूट घालतात."

मी जेवणाची वेळ होईपर्यंत थांबलो आणि म्हटलं, मला वाढा. वरण-भात, दुधीची भाजी. वरणात मीठच नव्हतं म्हणायला हरकत नाही. स्वयंपाकीणबाईला म्हटलं, "मीठ महाग झालं का बाई? आमच्याकडं पोत्यानं असायचं, आधी सांगितलं असतंत तर ठेवलं असतं थोडं."

"बीपीवाले आहेत बाबा सगळे."

"आमी जन्मभर मिठात उभे राहिलो, आमाला काय झालं?"

"तुमचे पाय दाखवा," ती म्हणाली. मिठागरातल्या माणसाच्या पायांचं कातडं मीठ कसं खातं, ते तिला ठाऊक असावं. मी पाय खुर्चीखाली घेतले.

मग सिस्टरला विचारलं, "मासळी कधी असते?"

"इथे शाकाहारीच असतं. अंडं देतो आठवड्यातून."

झालं. माझं काम झालं. बुधवार, शुक्रवार, रविवार ताटात मासळी नसेल तर आमच्या बाईला घास उतरत नाही. घरी येऊन मुलीला फोन लावला.

"पास का नापास?" तिनं विचारलं.

"दोन विषयांत नापास. मीठ आणि मासळी."

"दुसरीतनं शाळा सोडलेला माणूस दुसऱ्यांच्या परीक्षा घेतो," ती बोलली. हसली पण. मग म्हणाली, "बाबा, सिस्टरचा मला फोन आलेला. त्या म्हणतात, आईला एकदा घेऊन या. तुमी तपासलंत, आता त्यांना तिला बघू दे. मग तुमी नाय म्हणालात तर मी परत विषय काढणार नाय."

एवढी बोली झाली म्हणून मी तयार झालो.

तिला हिरवं लुगडं नेसवलं. नेसवलं म्हणजे मुलीनं नेसवलं, मी निऱ्या धरल्या. रिक्षात ती बाहेर बघत बसली होती. एकदा म्हणाली, "कोणाचं लगीन हाय?"

सिस्टरनं तिला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि स्वतः समोर स्टूल घेऊन बसली. घाई केली नाही, ते मला आवडलं.

"आजी, माहेर कुठलं तुमचं?"

"चिरनेर."

बरोबर होतं. मी मुलीकडं बघितलं.

"आणि ही कोण?" सिस्टरनं मुलीकडं बोट केलं. बायकोनं आपल्या धाकट्या बहिणीचं नाव घेतलं. मुलीनं मान हलवली, जणू तेच खरं.

"आणि हे?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मान खाली घातली. पदर कपाळावर ओढला आणि त्याचं टोक दातात धरलं. तसंच, हळदीतल्यासारखं.

"नाव सांगा ना आजी यांचं."

तिनं पदराचं टोक सोडलं नाही.

"नाय घेणार," मी म्हटलं. "तुमी दिवसभर बसलात तरी नाय घेणार. आमच्यात घेत नाय. तिला ठाव हाय म्हणून घेत नाय."

"बाबा," मुलगी हळू म्हणाली, "तिला आठवत नाय."

"तुला काय कळतंय? दुसऱ्या सगळ्यांची नावं घेते ना? मग माझंच का अडतंय?"

सिस्टरनं माझ्याशी वाद घातला नाही. तिथला एक कामगार पाण्याचा ग्लास घेऊन आला, तिशीतला, दाढी वाढलेला. त्यानं ग्लास पुढं केला, तर बायकोनं मान खाली घातली, पदर ओढला, टोक दातात धरलं. मग हात पुढं करून ग्लास घेतला. मी ते बघितलं. बघून न बघितल्यासारखं केलं. बाई परक्या माणसापुढं पण पदर ओढतेच की, असं मनाला सांगितलं, आणि सांगितल्यावर कळलं की मग मी पण परकाच ठरतो.

सिस्टर आणि मुलगी आत ऑफिसात गेल्या. मी रिक्षा बघायला म्हणून उठलो. खरं म्हणजे मला तिला उठवून घरी न्यायचं होतं. म्हटलं, "चल गो."

तिनं मान वर केली. पदर थोडा मागं सरकला. डोळे स्वच्छ होते, तिचे डोळे अजून चांगले आहेत. इकडं तिकडं बघितलं, कोणी ऐकत नाही ना असं, आणि मला म्हणाली, "मामा, माझं एक काम कराल?"

"बोल."

तिनं माझं नाव घेतलं.

नुसतं नाव. गावात पुरुष माणसं घेतात तसं, स्पष्ट, अडखळल्याशिवाय. कुठल्या गावचा, कोणाचा मुलगा, ते पण सांगितलं. परक्या माणसाला पत्ता सांगावा लागतो, तसं.

"त्यांना निरोप द्या, मी इथं हाय. नायतर शोधत फिरतील. त्यांना न सांगता आलेय मी."

सत्त्याहत्तर वर्षं ते नाव मी वापरलं. बापानं हाक मारली, मुकादमानं शिव्या घालताना घेतलं, सरकारी माणसांनी वाचून दाखवलं. पण तिच्या तोंडचं ते पहिल्यांदाच ऐकलं. आणि ज्याच्यापुढं घेतलं, तो मी नव्हतो. नवऱ्यापुढं तिनं ते घेतलं नसतं. निरोप पोचवायला समोर उभ्या असलेल्या कुठल्या तरी म्हाताऱ्यापुढं घेतलं. एरवी त्या म्हाताऱ्याला कळणार कसं, कोणाला सांगायचं ते.

"सांगाल ना?" तिनं विचारलं.

"सांगतो."

"विसरू नका हां."

मी आत गेलो. सिस्टर मुलीला सांगत होती की काही लोक आधी थोडे दिवस ठेवून बघतात, नाही जमलं तर परत नेतात. मी दारातूनच म्हटलं, "राहू दे आजपासून."

मुलगी उठून उभी राहिली. "काय झालं बाबा?"

"काय नाय."

"आई काय बोलली?"

"भूक लागलीय म्हणाली. तिला वाढायला सांग. मीठ जरा जास्त घाला म्हणावं."

मुलीला मी ते सांगितलं नाही. नंतरही नाही. तिच्या मनात असंच आहे की बाबा थकले, म्हणून तयार झाले. असू दे.

निघताना बायकोसमोरून जावं लागलं. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर तिला वाटलं असतं, हा अजून इथंच, निरोप घेऊन गेलाच नाही.

घरी आल्यावर आधी करगोट्याची किल्ली सोडली. आत राखायला कोणी नव्हतं, दार उघडंच ठेवलं. सवयीनं दोघांच्या तांदळाचा कुकर लावला. शिट्ट्या झाल्या, गॅस बंद केला, झाकण काढलं नाही. शेजारीण डोकावून गेली. "कुठं गेली आमची काकी?" मी म्हटलं, "माहेरी." ती दाराशी जरा उभी राहिली आणि गेली. अंधार पडल्यावर टीव्ही लावला. बातम्या झाल्या. तिची पाटी मोरीच्या तोंडाशी पालथी पडली होती, ती उचलून परत माळ्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि रिक्षा करून विचुंब्याला गेलो. ती त्याच बाकावर बसली होती. केस विंचरलेले, वेणी नीट घातलेली. मला बघून तिनं पदर ओढला. मी तिच्या शेजारी बसलो नाही. समोर जरा लांब उभा राहिलो, परकं माणूस उभं राहतं तेवढ्या अंतरावर, आणि म्हटलं, "निरोप दिला."

तिनं मान वर केली. "भेटले?"

"भेटले. म्हणाले, बरं झालं कळवलं. आता शोधत नाय फिरणार."

"रागावले?"

"नाय."

तिनं पदर सारखा केला. मग विचारलं, "रात्री जेवले का ते?"

"जेवले," मी म्हटलं, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो.